कोणती ब्राह्मी?

इंदूताई सरवटे कुणाच्याही हातून कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचं दुसरं नाव विचारत. भाजीवालीनं परवल पुढे केले की, "याला आणखी काय म्हणतात?" पुडीतून हिंग आला की, "हा कुठला? त्या गावात याला काय म्हणतात?" दूधवाला एकदा वैतागून म्हणाला होता, "मौसी, दूध को दूध ही कहते हैं." इंदूताईंनी पुढे केलेलं भांडं मागे घेतलं आणि म्हणाल्या, "मग तर पहिले बघावंच लागेल." त्यांनी बोट बुडवलं, नखावर थेंब उभा राहतो का ते पाहिलं, वास घेतला आणि मगच दूध घरात गेलं. गल्लीतली माणसं हसत. इंदूताई हसणाऱ्यांकडेही तेवढ्याच बारकाईनं बघत.

माझीही तशीच तपासणी झाली होती. मी मूळची कराडची. बँकेनं बढती दिली आणि त्याबरोबर बनारसची बदली. शाखा गंगेपलीकडे, रामनगरला. नवरा नाशिकला नोकरीत, म्हणून एकटीपुरती खोली शोधत होते. अमृतराव घाटाच्या मागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब राहतं आणि त्यांची वरची खोली रिकामी आहे, असं शाखेतल्या शिपायानं सांगितलं, म्हणून गेले. दार उघडलं ते एका ठेंगण्या, सत्तरीला टेकलेल्या बाईंनी. गळ्यात चष्म्याची दोरी, आणि त्याच दोरीला लटकवलेलं एक लहानसं भिंग.

"नाव?"

"वैशाली पाटील."

"घरात काय म्हणतात?"

"बेबी," मी ओशाळून म्हटलं.

"सासरी?"

"वैशालीच."

त्यांनी माझं आधार कार्ड घेतलं, भिंग लावून फोटो पाहिला, मग मला पाहिलं. "ठीक. निदान दोन नावं तर आहेत. ज्याला एकच नाव असतं ना, त्याला कुणी नीट बघितलेलंच नसतं. वर चला, खोली दाखवते. जिन्यात डाव्या हाताला भिंतीला टेकू नका, ती भिंत भरोशाची नाही."

सरवट्यांचं घराणं चार-पाच पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून काशीला आलेलं. घरात आता दोनच माणसं उरली होती, इंदूताई आणि त्यांचे थोरले भाऊ. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे. अण्णांनी आयुष्यभर एका पाठशाळेत संस्कृत शिकवलं होतं. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा, मिलिंद, इंदूरला नोकरी करत होता. इंदूताईंनी लग्न केलं नव्हतं. विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या विभागात वाळवलेल्या झाडपाल्याचे नमुने कागदावर चिकटवायचे, वर चिठ्ठी लिहायची आणि कपाटात लावून ठेवायचे, हे काम त्यांनी पस्तीस-छत्तीस वर्षं केलं होतं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांचं अक्षर चिठ्ठीवरच्यासारखंच होतं, टोकदार आणि सुटं सुटं.

या संशयाचं मूळही त्याच कामात होतं. एकदा गच्चीवर पापड उलटताना त्यांनी मला सांगितलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक माणूस विभागात पाल्याचा भारा घेऊन आला. म्हणाला, ब्राह्मी आहे. यांनी नमुना चिकटवला आणि खाली लिहिलं, ब्राह्मी. "अकरा वर्षं तो कागद कपाटात पडून होता. पोरं येत, बघत, उतरवून घेत. मग बाहेरून एक म्हातारे पंडित आले. त्यांनी कागद उघडला आणि खो-खो हसले. मला म्हणाले, बाई, ही कोणती ब्राह्मी? ती मुळी तिसरीच चीज होती. अकरा वर्षं मी खोटं लिहून ठेवलं होतं वैशालीबाई, आणि कुणी एकानंसुद्धा विचारलं नाही." त्यांनी पापड उलटला. "एका झाडाला दहा नावं असली तर हरकत नाही. पण दहा झाडांना एकच नाव असलं की तिथे घोटाळा असतो. माणसांचंही तसंच."

घराच्या मागच्या बाजूला, नळाशेजारी, हातभर रुंदीची मातीची पट्टी होती. चारी बाजूंनी तीन-तीन मजल्यांच्या भिंती. ऊन आलं तरी वरच्या विटांना शिवून परत जाई. तिथे तुळससुद्धा दोनदा वाळून गेली होती. पण जमिनीला धरून एक वनस्पती सगळीकडे पसरली होती. रुपयाएवढी गोल पानं, कडेला बारीक दाते, प्रत्येक पान आपापल्या लांब देठावर उभं. तिचं खोड जमिनीवरून सरपटत जाई आणि जिथे टेके तिथे मूळ धरी. थंडी असो, जेठातल्या गरम वाऱ्याची लू असो, ती पट्टी हिरवीच. इंदूताई रोज सकाळी उकिडव्या बसून त्यातली काही पानं खुडत, एकेक उलटून भिंगाखाली धरत आणि मग पदरात टाकत. मी एकदा विचारलं, "ही कसली पानं?" तर मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला कशाला हवंय?"

ते उत्तर माझ्या मनात सलत राहिलं.

ती पानं पाट्यावर वाटली जात आणि अण्णांच्या जेवणात जात. अण्णांचं जेवण त्यांच्या खोलीत होई, दार लावून. इंदूताई ताट घेऊन आत जात, आतून कडी लागे, आणि अर्ध्या तासानं रिकामं ताट घेऊन त्या बाहेर येत. जेवण झालं की अण्णा झोपत. मी रविवारी घरी असे तेव्हा पाही, दुपारी चारपर्यंत त्या खोलीतून काही आवाज येत नसे. अण्णांना विसर पडायला लागला होता हे मला ठाऊक होतं. कधी ते मला मराठी शाळेतल्या मास्तरीणबाई समजत, कधी यात्रेकरू. पण एका सकाळी इंदूताई घाटावर स्नानाला गेल्या असताना ते जिन्यात मला भेटले. कठड्याला धरून उभे होते. माझा हात घट्ट धरून अगदी हळू म्हणाले, "मुली, ही बाई मला पाला खायला घालते. ही माझी बहीण नाही."

 हे आजारपण बोलतंय, असं मी स्वतःला समजावलं. पण बंद दार, कडी, "तुम्हाला कशाला हवंय", हे सगळं त्या वाक्याला येऊन चिकटलं. घर अण्णांच्या नावावर होतं, हेही मला माहीत होतं. एकदा संशयानं बघायला लागलं की सगळंच जुळायला लागतं. इंदूताईंनी पाटा धुऊन उभा ठेवला तरी मला वाटे, एवढा घासून का धुतला?

मी नळावर पाणी भरायच्या निमित्तानं दोन पानं खुडली आणि पर्समध्ये घातली. समोरच्या घरात एक बंगाली बाई राहत, त्यांना सगळे काकीमा म्हणत. त्यांनी पान पाहताच ओळखलं. "अरे, ये तो थानकुनी है. पेट के लिए बढ़िया." शाखेत साफसफाई करणारी बाई बिहारची. ती म्हणाली, "बेंग साग है दीदी. बेंग माने मेंढक. हम लोग बनाकर खाते हैं." दोघींची दोन नावं. मग मी चौकात जडीबुटीच्या दुकानात गेले. दुकानदारानं पान चुरगाळलं, नाकाशी नेलं. "लोग इसको भी ब्राह्मी बोल देते हैं. लेकिन असली ब्राह्मी ये नहीं है. असली छोटी पत्ती की होती है. किसने दिया आपको?" मी सांगितलं नाही. फोनमध्ये झाड ओळखायची सोय होती, तिला फोटो दाखवला. तिनं तीन नावं सांगितली, त्यातल्या एकापुढे लाल अक्षरात लिहिलं होतं, विषारी. रात्री आईला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "अगं, हा कारिवणा. तुझी आजी लावायची मोरीपाशी."

चार माणसांनी चार नावं सांगितली. आज कळतं, चौघंही एकाच पानाबद्दल बोलत होते आणि त्यातल्या एकालाही ते वाईट वाटलं नव्हतं. पण मला त्यातला नेमका दुकानदाराचा प्रश्न आणि फोनवरची लाल अक्षरंच लक्षात राहिली.

मी मिलिंदला फोन केला. त्याचा नंबर जिन्यातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलाच होता, अडीअडचणीसाठी. मी सगळं सांगितलं, अण्णांचं वाक्यसुद्धा.  तो म्हणाला, "मला पहिल्यापासून शंका होती. आत्याला डॉक्टर नको, औषध नको. सगळ्यावर अविश्वास. दिवाळीत स्मरणशक्तीच्या गोळ्या घेऊन आलो तर तिनं एक गोळी फोडून, चाखून मोरीत टाकली. वैशालीताई, एक करा. मी खऱ्या ब्राह्मीच्या गोळ्या पाठवतो. पार्सल तुमच्या नावानं येईल. बाबांना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन द्या. आत्याला कळू देऊ नका."

पार्सल रामनगरच्या शाखेत आलं. हिरव्या झाकणाची बाटली, वर ऋषीचं चित्र, आणि मोठ्या अक्षरांत 'शुद्ध ब्राह्मी'. इंदूताई सकाळी घाटावर गेल्या की मी अण्णांच्या खोलीत जाई. संध्याकाळी त्या देवळात गेल्या की पुन्हा. अण्णा लहान मुलासारखा हात पुढे करत, गोळ्या गिळत आणि म्हणत, "कल्याणमस्तु." मला फार बरं वाटे. एका म्हाताऱ्या माणसाला आपण वाचवतो आहोत, असं वाटे.

पण अण्णांची झोप वाढत गेली. आधी दुपारी चारपर्यंत झोपत, आता दिवेलागणीपर्यंत. बोलताना जीभ जड. एकदा तर घास तोंडात तसाच ठेवून झोपले, असं इंदूताई काकीमांना सांगत होत्या. माझा संशय आणखी पक्का झाला. मी मिलिंदला कळवलं, "पाल्याचं प्रमाण वाढवलेलं दिसतंय." तो म्हणाला, "मी पुढच्या आठवड्यात येतो. तोवर गोळ्या सोडू नका."

त्याच दिवसांत इंदूताई माझ्याकडेही वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. मी पाणी भरायला गेले की त्या येऊन उभ्या राहत. एकदा म्हणाल्या, "वैशालीबाई, तुमच्या येण्याजाण्याची वेळ बदलली वाटतं." मी म्हटलं, "शाखेत काम आहे." त्या म्हणाल्या, "असेल." त्या 'असेल'मध्ये काय होतं ते मला कळलं, आणि मला उलट त्यांचाच राग आला.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी अण्णा नळापाशी जायला उठले आणि उंबऱ्यातच कोसळले. मी वरून धावत आले तेव्हा इंदूताईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कपाळ फुटलं होतं, पण त्याहून भीती वाटली ती ते डोळेच उघडत नव्हते याची. काकीमांच्या मुलानं आणि दोन शेजाऱ्यांनी खाटेवर घालून त्यांना गल्लीबाहेर काढलं, तिथून रिक्षानं रुग्णालयात. मिलिंदला कळवलं, तो दुपारच्या विमानानं निघाला.

तरुण डॉक्टरनं सगळ्यात आधी हेच विचारलं, "यांना काय काय दिलं जातं?" इंदूताईंनी कमरेची पिशवी उघडली. ओल्या रुमालात गुंडाळलेलं मुळासकट एक रोप होतं. वर चिठ्ठी. "मला वाटलंच तुम्ही विचाराल. ही मंडूकपर्णी. इकडे ब्रह्ममंडूकी म्हणतात, बेंग साग म्हणतात, बंगाली थानकुनी म्हणतात. आमच्या मराठीत कारिवणा. बाजारात हिला ब्राह्मी म्हणून विकतात, पण ब्राह्मी नावाची दुसरी एक आहे, पाण्याकाठची, बारीक पानांची. ती ही नाही. रोज दहा-बारा पानं, खोबरं-मीठ घालून चटणी. चाळीस वर्षं मीसुद्धा खाते. दुसरं म्हणाल तर तुमच्याच इथल्या मोठ्या डॉक्टरांनी रात्री झोपेची एक गोळी लिहून दिलेली आहे, हा कागद. तिसरं काही नाही."

डॉक्टर म्हणाला, "इतनी नींद इससे नहीं आती. और कुछ नहीं दिया?"

"नाही," इंदूताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी तरी नाही."

माझ्या पर्समध्ये ती बाटली होती.  कुणी मला विचारलं नव्हतं. बाटली पर्समध्येच राहिली असती तर कदाचित कुणाला कधी कळलंही नसतं. पण खाटेवर अण्णा पडले होते आणि त्यांच्या नाकात नळी होती. मी बाटली काढून डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. "हे मी देत होते. तीन आठवडे. सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टरनं बाटली फिरवून पाहिली. कारखान्याचा धड पत्ता नव्हता. तो म्हणाला, असल्या गोळ्यांत कधी कधी झोपेचं औषध मिसळलेलं असतं, म्हणजे गुण आल्यासारखा वाटतो. रात्रीच्या गोळीबरोबर ते दुप्पट झालं असणार. आधी हे बंद करा, मग बघू. बाटली त्यानं तपासायला ठेवून घेतली. पुढे तपासणीत तेच निघालं, आणि ब्राह्मी तर, कुठलीच, फारशी नव्हती.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. इंदूताईंनी डॉक्टरांचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मी घाटावर गेले की?"

"हो."

"मला का नाही विचारलंत?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तुमच्यावर संशय होता. मला वाटलं तुम्ही त्यांना काहीतरी घालताय. मीच मिलिंदला कळवलं."

त्यांनी भिंग हातात घेतलं, पदरानं पुसलं, पुन्हा सोडलं. "संशय घेतलात, त्यात चूक नाही. दार लावून घेणाऱ्या बाईवर घ्यावाच. मीही तुमच्यावर घेतला. पण तुम्ही अर्धाच घेतलात हो. पाल्यावर घेतलात, बाटलीवर नाही घेतलात. माझ्यावर घेतलात, स्वतःच्या हातावर नाही घेतलात. घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्यावा, नाहीतर घेऊ नये."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "आता रडू नका. आत अण्णाला ऐकू जातं की नाही ते पता नाही. ऐकू जात असेल तर घाबरेल."

संध्याकाळी मिलिंद आला तो भांडायच्या तयारीनंच. वॉर्डच्या दारातच म्हणाला, "आत्या, तुझ्या त्या पाल्याची तपासणी करायची आहे." इंदूताई म्हणाल्या, "डॉक्टरकडे दिलाय. मुळासकट." त्या एवढंच बोलल्या. बाटलीचा शब्दही काढला नाही. शेवटी मीच त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला. "पण मी चांगल्यासाठी…" तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी डोळे उघडले. पाचव्या दिवशी उठून बसले. मिलिंद आठवडाभर राहिला, वडिलांचे पाय चेपत बसे, पण आत्याच्या डोळ्याला डोळा देईना. निघताना दारातूनच "येतो" म्हणून गेला. त्यानंतर दीड वर्षात तो आला नाही. फोन करी, तोही माझ्या फोनवर. इंदूताई म्हणत, "त्याला अजून माझा भरोसा नाही." मला वाटे, त्याला स्वतःचाच राहिला नव्हता. पण हे मी त्यांना पटवू शकले नाही. पटवून घेणं हा त्यांचा स्वभावच नव्हता.

मी खोली सोडायला निघाले होते. सामान बांधायला घेतलं तशा त्या वर आल्या. म्हणाल्या, "नवा भाडेकरू आला की मला सगळी जांच पहिल्यापासून करावी लागेल. तुमची तर होऊन गेली." मी राहिले.

अण्णा घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी, जेवणाच्या वेळी, इंदूताईंनी मला हाक मारली. "आत या. बघून घ्या एकदा. परत शंका नको." त्या दिवशी मला बंद दाराआड काय चालतं ते दिसलं. अण्णांना घास कसा घ्यायचा ते आठवत नसे. इंदूताई एकेक घास भरवत, हनुवटी पुसत, कधी अण्णा त्यांच्या हातावर फटका मारत, कधी ताट ढकलून देत. "याचे शिष्य अजून येतात भेटायला," त्या म्हणाल्या. "ज्यांनी याच्यापुढे मान वर केली नाही, त्यांनी हे का बघावं?" मग त्यांनी भाताला चटणी लावून घास पुढे केला. अण्णांनी तो खाल्ला, थांबले, जिभेवर घोळवला. डोळे निवळल्यासारखे झाले.

"इंदे," ते म्हणाले, "आज मीठ कमी पडलंय."

"हो, पडलंय खरं," इंदूताई म्हणाल्या. मला म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे. पण त्याला सांगायला आवडतं." मग थोड्या वेळानं, "औषध म्हणून नाही हो देत मी. विसरणं याने थांबत नाही, कशानेच थांबत नाही. आई करायची ही चटणी. दिवसभर मी याची कुणी नसते. एवढ्या दोन घासांपुरती बहीण होते."

त्यानंतर अण्णा दीड वर्ष होते. मी रविवारी पानं खुडायला मदत करी. पहिले काही महिने माझं प्रत्येक पान इंदूताई पुन्हा उलटून बघत. मला वाईट वाटलं नाही. मला त्या अजूनही "वैशालीबाई" आणि "तुम्ही"च म्हणत.

माघातल्या एका सकाळी अण्णा गेले. दोन दिवस ताप होता, अन्न बंद झालं होतं, डॉक्टर येऊन गेले होते. मिलिंदला मी आदल्या दिवशीच कळवलं होतं. उजाडताना त्यांचा श्वास एकदा अडला, पुन्हा सुरू झाला, मग थांबला. इंदूताईंनी नाकाशी हात धरला. मग छातीला कान लावला. मग मनगट धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या. त्यांना तेही एकदम मान्य होईना. शेवटी त्यांनी हात अलगद खाली ठेवला आणि उठल्या. कोपऱ्यातली कळशी घेतली.

"गंगेचं पाणी मीच आणते. दुसऱ्यानं आणलं तर कुठून आणलं, कसं कळणार?" दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "वैशाली, तू बस याच्यापाशी. मी येईतो कुणाला हात लावू देऊ नकोस."

मी अण्णांच्या उशाशी बसले. गल्लीतले लोक यायला लागले. काकीमा दारातच रडत उभ्या राहिल्या. कुणी फुलं आणली, कुणी तांदूळ, मी सगळं कोनाड्यात ठेवायला लावलं. एक दूरचे नातलग आत येऊन चादर सारखी करायला वाकले, तर मी म्हटलं, "ताई आल्या की." ते जरा दुखावून मागे सरले.

मग मिलिंद आला. स्टेशनवरून तसाच, खांद्याला बॅग. खोलीत पाऊल टाकलं आणि वडिलांचा चेहरा पाहून थांबला. पुढे झाला, वाकला, आणि वाकता वाकता त्याचे हात हवेतच थांबले. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "मी पायाला हात लावू का?"

वडिलांच्या पायाला हात लावायला मुलगा माझी परवानगी मागत होता. मला हो म्हणावंसं वाटलं. पण मला एकच गोष्ट सांगून ठेवलेली होती, आणि मागे एकदा त्या घरात मी त्या बाईंच्या पाठीमागे फार काही केलं होतं. मी म्हटलं, "मिलिंद, एवढ्यात येतील त्या. एवढं थांबा." त्यानं मान हलवली आणि पायाशी जमिनीवर बसला, हात स्वतःच्याच मांडीवर ठेवून.

घाटाच्या पायऱ्या चढून, भरलेली कळशी कमरेवर घेऊन इंदूताई आल्या. साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. दारातच त्यांना तो दिसला. माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच सांगितलं, नाही, कुणी नाही. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. काहीच विचारलं नाही. त्याचे दोन्ही हात आपल्या ओल्या हातात घेतले, आणि नेऊन भावाच्या पावलांवर ठेवले.